पिवळी प्लेट लग्नानंतर

रविवारची सकाळ. दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या सोसायटीत खांबेट्यांच्या स्वयंपाकघरातून थालीपिठांचा खमंग वास सुटला होता आणि खाली पार्किंगमध्ये उन्मेष ओल्या फडक्याने गाडी पुसत होता. तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून भाटियाबाईंनी हाक मारली, "बेटा, मंगल को एयरपोर्ट छोड़ देगा न? जो बनता है ले लेना."

"जी आंटी," उन्मेष म्हणाला.

आता हे 'जो बनता है' म्हणजे चक्क भाडं, हे सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण भाडं म्हणायचं नाही. म्हटलं की उन्मेष टॅक्सीवाला होणार, आणि टॅक्सीवाल्याला भाटियाबाई 'बेटा' कशाला म्हणतील? सगळ्यांच्याच सोयीचा मामला होता तो. त्यांना टॅक्सीपेक्षा स्वस्त पडायचं, आणि खांबेट्यांची अब्रू झाकलेली राहायची.

दिनकरराव खांबेटे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, निवृत्तीच्या पैशांतून हा फ्लॅट झाला. थोरली इशिता नोएडाला नोकरीत. धाकट्या उन्मेषची नोकरी दीड वर्षापूर्वी कंपनीसकट बुडाली. महिनाभर तो पडून राहिला, मग एक दिवस बाबांच्या गाडीची किल्ली घेऊन उठला. सोसायटीतली माणसं, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरची माणसं, कुणाला स्टेशन, कुणाला विमानतळ. पोरगा कष्टाळू, गाडी हळू चालवायचा, म्हाताऱ्यांच्या बॅगा वरपर्यंत नेऊन द्यायचा. लोक खूश होते.

त्या रविवारी थालीपिठाचा पहिला घास घेताघेताच त्याने विषय काढला.

"बाबा, एजंटकडे जाऊन आलो. गाडी टॅक्सीत बदलता येते. परमिट, पिवळी नंबरप्लेट, सगळं होतंय. फक्त इन्शुरन्स जरा जड आहे."

"जड म्हणजे?"

"आत्ता घरगुती गाडीचा भरतो ना आपण, त्याच्या दुपटीच्याही वर. टॅक्सी म्हटलं की रेट वेगळा. त्यात मी नवीन, माझा मागचा काही रेकॉर्ड नाही, म्हणून सूट नाही."

"अरे, ही तर लूट आहे यार!" दिनकररावांनी वाटी बाजूला सारली. "ज्याने अजून चार पैसे कमावले नाहीत त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त घ्यायचं?"

"लूट तर लूट. पण आत्ताची पॉलिसी फक्त घरच्या वापरासाठी आहे. भाडं घेऊन कुणाला बसवलं आणि त्याला काही झालं, तर कंपनी हात वर करणार. मी साठवलेत पैसे, बाबा. आईकडेच ठेवलेत. आठवड्याभरात काम होईल."

वासंतीबाई तव्यापाशी उभ्या होत्या. थालीपीठ उलटायचं राहिलं आणि करपलं.

"उन्मेष, थोडं थांब ना रे," त्या म्हणाल्या. "पुण्याची मंडळी इशिताला बघायला यायची आहेत. ती मंडळी पार्किंगमधूनच वर येणार. आपल्या नंबरच्या जागेवर पिवळ्या प्लेटची गाडी उभी दिसली तर काय म्हणतील? बायोडेटात मी 'भाऊ, ट्रॅव्हल बिझनेस' असं लिहिलंय."

"मग खोटं कुठाय?" इशिता हसली. "ट्रॅव्हल तर दिवसभर करतोच तो."

"तू गप गं. लग्न ठरू दे, मग लावा पिवळी नाही तर हिरवी. लग्नानंतर बिल्कुल अडवणार नाही मी."

"आणि तोपर्यंत काही झालं तर?"

"शुभ बोल रे नाऱ्या! इतके दिवस झालं का काही?"

विम्याचा दर महाग आहे यावर मघाशी तावातावाने बोलणारे दिनकरराव आता वर्तमानपत्रात डोकं घालून बसले, कारण बायको जे बोलली ते त्यांच्याच मनातलं होतं.

खरं सांगायचं तर तो दर अन्यायाचाच आहे. नव्याने पोट भरायला निघालेल्या माणसाच्या उंबऱ्यावरच एवढा मोठा धोंडा ठेवायचा, आणि मग तो आडवाटेने गेला की त्याला बेकायदेशीर म्हणायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत. हे कुणालाही ठणकावून सांगायला मी तयार आहे. पण खांबेट्यांच्या घरात तो धोंडा उचलायची तयारी पोराने केली होती. पैसे होते. आडवी आली ती फक्त लाज, आणि तीही कसली, तर घाम गाळून कमावण्याची! चोरी केली असती तर वकील लावला असता. टॅक्सी चालवतो म्हटल्यावर मात्र लपवायला पडदे शोधले.

आणि पडदे खरंच आणले. पाहुणे यायचे म्हणून वासंतीबाईंनी हॉलला नवे पडदे शिवले, जुना दिवाण काढून सोफा घेतला. पैसे कुठले? उन्मेषने कपाटात ठेवलेले, विम्याचे. "तू कमावतोच आहेस, पुन्हा साठतील," असं त्या त्याला म्हणाल्या. तो म्हणाला, "ठीक आहे आई." त्या दिवशी तो जेवायला बसला नाही, एवढंच.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मंडळाच्या ग्रुपवरून त्याला लक्ष्मीबाई नगरहून फोन आला. स्वानंदी मुळावकर. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून ती लेकीला, आता सहा वर्षांच्या रुचिताला, घेऊन दिराच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होती. दीर श्यामकांत, सासूबाई विजयालक्ष्मी. नागपूरकडची माणसं. तिला कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त दूध जास्त लागलं की हिशेब विचारायचे आणि तिने नवी साडी नेसली की कुठे निघालीस म्हणायचे. त्या दिवशी ती गुरुग्रामच्या एका शाळेत मुलाखतीला निघाली होती. मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीची नोकरी, राहायला दोन खोल्या. लागली असती तर लेकीला घेऊन स्वतःच्या घरात गेली असती.

"दादा, भाडं आधीच ठरवूया हं," ती गाडीत बसताना म्हणाली. उन्मेषने सांगितलं, तिने मान डोलावली. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

गुरुग्रामच्या रस्त्यावर भरदिवसा एका टेम्पोने मागच्या दारावर धडक दिली आणि तो पसार झाला. उन्मेषच्या कपाळाला खोक पडली. स्वानंदीच्या मांडीचं हाड आणि गुडघा, दोन्हींचा चुरा झाला. जवळचा दवाखाना खासगी होता, तिथेच नेलं. ऑपरेशन एक नव्हे, दोन लागणार होती. मुलाखत तिथेच संपली.

विमा कंपनीचा माणूस चौकशीला येणार म्हणून कळलं, तेव्हा दिनकररावांनी सगळ्यांना नव्या सोफ्यावर बसवलं. चाळीस वर्षं फायली हलवलेला माणूस तो. वाट कुठून काढायची ते त्यांना बरोबर कळायचं.

"ती भाडं देऊन बसली होती, हे कुणी बघितलंय? पैसे तर दिलेच नव्हते अजून. तिने एवढंच सांगायचं, की ओळखीचा मुलगा आहे, सहज सोडायला निघाला होता. मग घरगुती पॉलिसी लागू होते. गाडी दुरुस्त होईल, तिच्या ऑपरेशनचे पैसे मिळतील. तिचंही भलंच आहे."

"बाबा, हे खोटं आहे," उन्मेष म्हणाला.

"खरं बोलून तिला काय देणार आहेस? आहेत पैसे?"

उन्मेषने आईकडे पाहिलं. विम्याचे पैसे सोफ्यात घातले गेले होते आणि त्या सोफ्यावरच सगळे बसले होते. पाहुणे पुढच्याच रविवारी यायचे होते. वासंतीबाई उठल्या, मुगाची खिचडी टाकली आणि डबा घेऊन दवाखान्यात गेल्या.

वासंतीबाईंनी इशिताला बघायला येणाऱ्या पाहुण्यांपासून सगळं सांगितलं. स्वानंदीने ऐकून घेतलं.

"काकू, मला पैशांची गरज आहे, खोटं कशाला बोलू. पण ओळखीचा म्हणजे कोण म्हणू? आमचं नातं नाही, येणं-जाणं नाही. घरी विचारतील, हा कुठला ओळखीचा? फुकट गाडीत बसवून गुरुग्रामला का नेत होता?"

"अगं, आजकाल कोण एवढं..."

"आमच्याकडे विचारतात काकू. माझ्यासारखीला तर जास्तच." तिने डब्याचं झाकण लावलं. "इशिताला असं म्हणायला सांगितलं असतं का तुम्ही? पाहुणे बघायला यायच्या आधी?"

वासंतीबाईंकडे उत्तर होतं, आणि ते 'नाही' असं होतं. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपण जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली आणि आज आपण काय करतोय, हे त्यांना लख्ख दिसत होतं. दिसत असूनही त्या म्हणाल्या, "तुझ्या पायाचा विचार कर बाळ."

स्वानंदीने पायाचा विचार केला. दुसरं काही करण्यासारखी तिची परिस्थिती नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमा कंपनीचा माणूस आला. पलंगाच्या एका बाजूला श्यामकांत आणि विजयालक्ष्मीबाई, दुसऱ्या बाजूला वासंतीबाई.

"मैडम, गाड़ी किराये पर ली थी?"

"जी नहीं. जान-पहचान है."

"अच्छा. किस तरह की? रिश्तेदार?"

"नहीं. ऐसे ही... जान-पहचान."

"दोस्त कहें?"

स्वानंदीने वासंतीबाईंकडे पाहिलं. आता या बाई काहीतरी बोलतील, आमच्या घरी येते म्हणतील, माझी मानलेली लेक आहे म्हणतील, काहीही. वासंतीबाईंनी नजर खाली घातली. त्यांना भीती वाटली, आपण तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडेल.

"जी," स्वानंदी म्हणाली.

तो लिहून घेऊन गेला. विजयालक्ष्मीबाई खुर्चीतून उठल्या. "माझ्यासमोर भाडं ठरवायचं नाटक केलंस होय गं? आणि मी वेडी दारात उभी!" एवढंच बोलून त्या निघाल्या. श्यामकांत त्यांच्या मागून गेला. त्यानंतर त्या घरातून कुणी दवाखान्यात आलं नाही.

पुढच्या रविवारी पुण्याची मंडळी आली. मुलगा संग्राम, त्याचे आई-वडील. मोडकी गाडी गॅरेजमध्ये होती, त्यामुळे पार्किंगचा प्रश्नच उरला नाही. सुंठेवाचून खोकला गेला, असं दिनकरराव सकाळी म्हणालेसुद्धा, आणि उन्मेष ताडकन उठून दवाखान्यात निघून गेला होता.

तो परत आला तो मागच्या दाराने, सरळ स्वयंपाकघरात. वासंतीबाई बशांमध्ये सुरळीच्या वड्या मांडत होत्या.

"आई, रुचिताला उद्या नागपूरला पाठवतायत. तिच्या आत्याकडे, कायमची. असल्या आईजवळ पोर ठेवायची नाही म्हणे. स्वानंदीताईला आज फोनवर सांगितलं. ती पलंगावरून उतरायला बघत होती, आई. दोन नर्सनी धरून ठेवलं तिला."

वासंतीबाईंनी पदराने हात पुसले. हॉलमधून संग्रामच्या आईचा आवाज आला, "आणि चिरंजीव दिसले नाहीत? ट्रॅव्हलचा बिझनेस ना त्यांचा?"

वासंतीबाई बशी न घेताच बाहेर गेल्या.

"टॅक्सी चालवतो तो," त्या म्हणाल्या. "चोरून चालवतो, कारण उघड चालवू दिली नाही मी त्याला. त्याने विम्याचे पैसे साठवले होते. त्या पैशांतून मी हा सोफा घेतला, तुम्ही यायचे म्हणून. आता एक बाई पाय मोडून पडली आहे, आणि ती माझ्या मुलाची मैत्रीण आहे असं खोटं आम्ही तिच्याकडून वदवलं. उद्या तिची लेक तिच्यापासून तोडतायत."

"वासंती!" दिनकरराव ओरडले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आज आहे. आजवर नव्हतं."

पुण्याची मंडळी अवघडून एकमेकांकडे बघू लागली. संग्रामची आई म्हणाली, "आम्ही नंतर येऊ का?" ते आले नाहीत, हे इथेच सांगून टाकते. इशिता उठली, आईची पर्स आणि चपला घेऊन आली. "जा आई. यांच्याशी मी बोलते," ती म्हणाली.

वासंतीबाई उन्मेषला घेऊन निघाल्या. दिनकरराव मागोमाग लिफ्टपर्यंत आले. रागाने लाल झाले होते. "खटला होईल आपल्यावर, कळतंय का? फ्लॅट गहाण पडेल!"

"पडू दे. फ्लॅट आपला आहे. ती पोर आपली नाही, गहाण टाकायला."

लक्ष्मीबाई नगरच्या त्या क्वार्टरमध्ये एका कोपऱ्यात रुचिताची बॅग भरून ठेवली होती. विजयालक्ष्मीबाईंनी वासंतीबाईंना बस म्हटलं नाही. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं ऐकलं.

"त्या दिवशी तुम्ही तिथेच होतात की," त्या म्हणाल्या. "तेव्हा पोराला वाचवायचं होतं, आज तिला वाचवायचंय. तुमचं नेमकं कुठलं बोलणं खरं धरू मी?"

चूक नव्हतं त्या बाईंचं. एकदा खोट्याला उभी राहिलेली जीभ दुसऱ्यांदा खरं बोलली तरी कोण ऐकणार? वासंतीबाईंना रडू फुटलं, पण रडण्याने काही होणार नव्हतं. त्यांनी उन्मेषला विमा कंपनीच्या माणसाला फोन लावायला सांगितला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"सर, वो जो बयान हुआ था, ग़लत था," उन्मेष म्हणाला. "स्वानंदीजी पैसेंजर थीं. किराया तय हुआ था. मैं टैक्सी चला रहा था, प्राइवेट पॉलिसी पर."

पलीकडून तो म्हणाला, "भाई, सोच के बोल रहे हो? क्लेम पूरा जाएगा. मुक़दमा भी हो सकता है."

वासंतीबाई पुढे झाल्या. "बयान उनसे हमने दिलवाया था. उनका दोष नहीं है. ये भी लिखिए. इलाज का पैसा हम देंगे."

फोन बंद झाला. "स्वतःचं घर जाळून कुणी खोटं बोलत नाही, विजयाताई," वासंतीबाई म्हणाल्या. "एवढं तरी धरा."

श्यामकांत काहीतरी बोलायला गेला. विजयालक्ष्मीबाईंनी हाताने त्याला थांबवलं. त्या कितीतरी वेळ त्या बॅगेकडे बघत राहिल्या. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "रुचिता, चप्पल घाल गं. आईला भेटून येऊ."

इथे मला थोडं तुमच्याशी बोलू द्या. वासंतीबाईंना दोषी ठरवणं सोपं आहे, आणि त्या होत्याच. पण विमानतळाला जाताना आपणही ग्रुपवर विचारतोच ना, कुणाची ओळखीची गाडी आहे का, जरा स्वस्तात? त्या पोराला कधी विचारलंय का, की बाबा रे, तुझा विमा कसला आहे? आणि त्याने टॅक्सीचा विमा भरला, म्हणून भाडं थोडं वाढवून मागितलं, तर देतो का आपण? की 'दुसरा बघतो' म्हणतो?

दवाखान्यात रुचिता आईच्या कुशीत शिरली. पायाला धक्का लागू नये म्हणून नर्सने तिला अलगद उचलून ठेवलं होतं. विजयालक्ष्मीबाई पायथ्याशी उभ्या राहिल्या. "फोन माझ्यासमोर झाला," एवढंच त्या म्हणाल्या.

वासंतीबाई दारातून आत आल्या. "स्वानंदी, गाडी विकतोय. दागिने मोडीन. तुझा पाय पूर्ण बरा होईपर्यंत सगळा खर्च आमचा. कोर्टात जायचं असेल तर जा, मी तुझ्या बाजूने साक्ष देईन. माझं फार चुकलं गं. मला माफ कर."

स्वानंदी लेकीच्या केसांतून हात फिरवत होती. तो हात थांबला नाही.

"खर्च घेईन काकू. तो मला घ्यावाच लागेल. साक्षही लागेल, ती द्या." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "पण त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्हाला दिसलं होतं ना?"

"हो," वासंतीबाई म्हणाल्या.

"मग माफीचं आज नका विचारू."

वासंतीबाई बाहेर आल्या आणि उन्मेषशेजारी बाकावर बसल्या. तो म्हणाला, "चल आई, घरी जाऊ." त्यांनी मान हलवली. "तू जा. तिला काही लागलं तर हाक मारेल, मी इथे बसते." आतून कुणी हाक मारली नाही. त्या बसून राहिल्या.